कुंपणाच्या आतली वाट

यंदाही चैत्र सरता सरता जमीन उकलली. परभणीहून पिंगळीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी वावरं लागतात. ज्वारी काढून नेली की ती काही आठवडे नुसती पडून असतात आणि मग एका सकाळी दिसतं, की त्यांना तडे गेले आहेत. आधी केसाएवढे, मग बोटाएवढे, मग पाऊल जपून टाकावं लागेल एवढे. अशाच एका भेगेत एकदा दोरीला दगड बांधून सोडला होता. दोरी संपली, तळ लागला नाही. वाकून पाहिलं तर आतून गार, ओलसर वास आला. वर ऊन असं, की चप्पल काढायची सोय नाही. आणि खाली, हात पोचणार नाही इतक्या खोल, मागच्या पावसाळ्याचा ओलावा अजून शिल्लक.

ही जमीन पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर उभं केलेलं काहीही ती फार दिवस सरळ उभं राहू देत नाही. घरांच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात. पावसाळ्यात सहज लागणारं फाटक उन्हाळ्यात लागत नाही. खांब कलतात. बाहेरून आलेला माणूस हे पाहून घाबरतो. इथली माणसं चिरांमध्ये सिमेंट भरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरतात.

भेगा दिसल्या, की शेजारच्या प्लॉटवर कुंपण उभं राहिलं तो उन्हाळा आठवतो. तेव्हा आमच्या ओट्यावरून ते सगळं काम दिसत असे, कारण मध्ये आडवं काहीच नव्हतं. आता मेंदी छातीएवढी वाढली आहे आणि पलीकडचं पाहायला टाचा उंचवाव्या लागतात.

त्या प्लॉटवर सुलोचनाबाई आणि यशवंतराव राहतात. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्त झाल्या तरी सगळ्या वस्तीच्या त्या बाईच. यशवंतराव तहसील कचेरीत कारकून होते, म्हणून ते भाऊसाहेब. प्लॉट घेतला त्या वर्षी, घराचा पायाही खोदला नव्हता तेव्हा, भाऊसाहेबांनी विहाराच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं एक रोप मुळासकट सोडवून आणलं आणि रिकाम्या जागेच्या मधोमध लावलं. घर नंतर झालं आणि त्या झाडाला जागा ठेवून एका बाजूला झालं. दर वैशाखी पौर्णिमेला भाऊसाहेब पांढरा सदरा घालून झाडाला पाणी घालत, त्याच्याभोवती फेऱ्या घेत आणि मग आम्हाला खिरीची वाटी आणून देत. बोलणं मोजकंच.

कुंपणाच्या आदल्या पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडात दोनच शब्द उरले होते, 'हं' आणि 'न्हाई'. पाय हळूहळू परतला. काठी घेऊन ते रस्त्यापर्यंत जाऊ लागले. हिवाळ्यात एका सकाळी रस्त्याच्या कडेला तोल गेला आणि पडले. लागलं फारसं नाही. पण उचलायला चार माणसं धावली, कुणी बगलेत हात घातले, कुणी कमरेला धरलं, कुणी मातीने भरलेली विजार झटकली. त्या दिवसानंतर भाऊसाहेब ओसरीतल्या खुर्चीवर बसले ते बसलेच. बाईंनी हात पुढे केला की 'न्हाई'. पुण्याहून मुलगा आला, त्यालाही 'न्हाई'. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की हा उन्हाळा असाच बसून गेला तर पाय पुन्हा आखडतील आणि मग चालणं विसरावं लागेल. डाव्या हाताबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या हातात देण्यासाठी आणलेला रबरी चेंडू खुर्चीखाली पडून असे.

माणसाचा हात नको म्हणणारा माणूस कदाचित कुंपणाचा हात धरेल, असं बाईंच्या मनात आलं. बागेभोवती कुंपण, कुंपणाला आतून लागून सपाट वाट आणि वाटेच्या कडेने हाताला लागेल असा कठडा. रस्ता नको, बघे नकोत, मोकाट जनावरं नकोत. एवढा साधा विचार. तो पुरा करायला माणसं शोधणं मात्र साधं नव्हतं.

आधी बाहेरगावचा एक बागा सजवून देणारा आला. त्याने मोबाइलवर चित्रं दाखवली. हिरवळ, पांढरे गोटे, मधोमध कारंजं. बाईंनी सगळी चित्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, "यात माणूस कुठून चालतो?" तो म्हणाला, बाग बघायची असते. बाईंनी त्याला चहा दिला आणि मोबाइल परत दिला.

मग दूधवाल्याने पोखर्णीकडचे ग्यानोबा आणि त्यांची बायको शेवंताबाई यांचं नाव सांगितलं. मेंढ्या राखणारं घर. ग्यानोबांचा भाऊ अजून कळप घेऊन हिंडतो. या दोघांनी कुंपणाची आणि माती सारखी करण्याची कामं धरली होती. ग्यानोबा आले तेच बोलत आले.

"बाई, परभणीपासून सोनपेठपातूर आमची कुंपणं उभी हायत. कुणालाबी इच्यारा."

"उभी?" मागून टोपली उतरवत शेवंताबाई म्हणाल्या. "सोनपेठच्या कुंपणाला म्हशीनं पाठ घासली अन् ते आडवं झालं, ते सांगा की."

"ती म्हैसच तसली व्हती."

"जलमभर लोकाच्या कुंपणातून मेंढरं घुसवली, अन् आता कुंपणं बांधत हिंडायलेत."

"म्हणूनच तर! मेंढरू कुठून घुसतंय हे माझ्यावाचून कुणाला कळंल?"

ओसरीतल्या खुर्चीवर भाऊसाहेबांचा उजवा गाल किंचित हलला. ते बाईंनी पाहिलं आणि काम त्यांनाच दिलं.

मराठवाड्यात असं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. ग्यानोबांना तो शब्द आवडत असे. दोन माणसांचं काम होतं, पण शेवंताबाईंनी पहार मागितली तरी ते म्हणत, "गुत्तेदाराला इचारून घे." आणि पहार शेवंताबाईंच्याच हातात असे.

उन्हाळ्यातली काळी माती खोदताना पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. पहार आपटली की दगडावर आपटल्यासारखी वाजते. म्हणून आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी पाणी सोडतात. ग्यानोबांनी पहिल्या खांबाच्या जागी पिंप ओतलं. पाणी क्षणभर चमकलं आणि गेलं. डबकं नाही, चिखल नाही. जणू कुणी खालून ओढून घेतलं. शेवंताबाई वाकून भेगेकडे पाहत राहिल्या. "माय माय," एवढंच म्हणाल्या. दुसरं पिंप गेलं. तिसरं गेलं. चौथ्याला कुठे कडेची माती काळसर झाली. 

काळ्या थराखाली पिवळा मुरूम लागतो. तिथवर गेलं, की खांब हलत नाही. वर भरतानाही उपसलेली माती परत टाकत नाहीत. दगड आणि मुरूम टाकून ठोकतात. प्रत्येक खांब पक्का झाला, की ग्यानोबा त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहत आणि पाय वर घेत. शेवंताबाई म्हणत, "खांब टिकंल, कंबर सांभाळा." खांबांना जाळी लागली. कठड्याला लोखंडी नळी चालणार नव्हती. अकरा वाजल्यानंतर तिला हात लावता आला नसता. म्हणून जाड वेळू आणले. त्यांची पेरं घासून गुळगुळीत केली आणि जिथे जिथे वेळू खांबाला टेकतो तिथे काथ्याने आवळून बांधला. उंची ठरवायला भाऊसाहेबांनी उभं राहावं, तर ते उठेनात. मग बाईंनी त्यांचा सदरा आणला. घराच्या दाराला त्यांच्या खांद्याची खूण होती, कधीतरी नातवाची उंची मोजताना गमतीने केलेली. त्या खुणेला सदऱ्याचा खांदा लावून ग्यानोबांनी बाही खाली सोडली आणि मनगट कुठे येतं ते पाहिलं.

वाटेवर मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने चोपला. कुंपणाच्या कडेने मेंदी लागली, कोपऱ्यांत मोगरा. मधल्या जागेला, पिंपळाच्या आसपास, बाईंनी कुदळ लावू दिली नाही. "मुळं वरवर आहेत," त्या म्हणाल्या. "तिथं काही करायचं नाही."

आणि या सगळ्या दिवसांत पिंपळ आपलं काम करत होता. फाल्गुनात तो पार ओकाबोका झाला होता. चैत्रात, हवेतली शेवटची ओल गेल्यावर, जेव्हा कडुनिंबाखालची कुत्रीसुद्धा उठून पाण्यापर्यंत जायला कंटाळत होती, तेव्हा त्याच्या काड्यांना तांब्याच्या रंगाची पानं आली. इतकी पातळ, की उन्हात त्यांच्यातल्या शिरा दिसत. ही पानं कुठल्या पाण्यावर येतात, हे दरवर्षी पाहूनही नीटसं पटत नाही. मुळं खोल जातात, हे उत्तर माहीत असतं. पण पिंपच्या पिंप गिळून कोरडी राहिलेली ती जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला ते उत्तर पुरत नाही. वारा नसतानाही पानं हलत. दुपारी पिंगळी स्टेशनकडून गाडीची शिटी येई, ती विरे, आणि मागे पानांचा तेवढा बारीक आवाज राही. भाऊसाहेब खुर्चीवरून झाडाकडे पाहत, मग खांबांकडे, मग शेवंताबाईंच्या हातांकडे. काथ्याच्या गाठी बसताना ते नेमके बघत.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी ग्यानोबांनी सगळ्यांना बोलावलं. "आधी गुत्तेदार चालून दाखवणार," म्हणाले. फाटकापासून निघाले. कठड्यावर हात ठेवून, भार टाकून, मध्येच मुद्दाम लंगडून त्यांनी पूर्ण फेरी मारली. मागे शेवंताबाई गेल्या, मग बाई, मग आम्हीही. वेळू करकरला नाही. खांब हलला नाही. पिंपळाच्या नव्या पानांवर तिरपं ऊन होतं आणि सगळे त्याच्याकडे पाहत पाहतच फिरले. कुणाला काही खटकलं नाही.

मग भाऊसाहेब उठले.

बाईंनी हात पुढे केला नाही. तेवढं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलेलं दिसत होतं. भाऊसाहेब काठीने ओसरीची पायरी उतरले, फाटकाजवळ आले, काठी जाळीला टेकवली आणि उजव्या हाताने वेळू धरला. चांगली पकड होती. कुंपण उजवीकडे. ते चालू लागले. डावा पाय अर्धवर्तुळ काढत पुढे येई, टेकला की उजवा हात सरके. पहिल्या कोपऱ्यापर्यंत गेले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्यानोबा टाळी वाजवणार होते, त्यांचे हात वर आले आणि तसेच राहिले.

कोपऱ्यावर वळताना भाऊसाहेब थांबले. त्यांनी झाडाकडे पाहिलं. झाड डाव्या हाताला होतं.

"न्हाई," ते म्हणाले.

आणि तिथेच उभे राहिले. खुर्ची तिथवर न्यावी लागली.

"बाई," ग्यानोबा हळू आवाजात म्हणाले, "हे उलटं झालं की."

झालं होतं ते असं. आपल्याकडे देऊळ असो, विहार असो, पार असो, माणूस त्याला उजव्या हाताला घेऊन फिरतो. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी ठरवून करत नाही. ग्यानोबांनी वाट चालून पाहिली ती तशीच, पिंपळ उजवीकडे ठेवून. म्हणजे कठड्यावर त्यांचा हात होता तो डावा. शेवंताबाईंचाही डावा. बाईंचाही, आमचाही. कठडा ज्याच्यासाठी होता त्याचा डावाच हात गेलेला आहे, हे कामाच्या इतक्या दिवसांत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. उजव्या हाताने कुंपण धरायचं, तर झाडाभोवती उलटं फिरावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई चिडल्या. बाई चिडल्याचं वस्तीने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"आपण काय पुण्य मिळवायला फिरतोय? झाडाला काय कळतंय? उलटं चाला, सुलटं चाला, पण चाला!"

"न्हाई."

त्यावर बाई तांब्या घेऊन पिंपळाला पाणी घालायला गेल्या. आणि पाणी घालत त्याच्याभोवती फिरल्या त्या त्याला उजवीकडे ठेवूनच.

ग्यानोबा रोज येऊ लागले, खरं तर त्यांचं काम संपलेलं होतं. फाटकाशी बसून उपाय सुचवत. "एकाच बाजूला चालू द्या त्यास्नी. जाताना उलटं, येताना सुलटं. बराबर झालं!"

"आणि येताना धरायचं कशानं?" बाईंनी विचारलं.

ग्यानोबांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"मी सांगू?" शेवंताबाई म्हणाल्या. "तुमी सोता त्यांच्या उजव्या अंगानं चाला, कठडा होऊन. नाही तरी तुमाला काय काम हाय?"

"माणूस धरून घेत न्हाईत, म्हणून तर हे सगळं केलं."

"मग माणूस कुठाय, गुत्तेदार हाय की."

शेवटी ग्यानोबांनी ठरवलं, की वाटेच्या आतल्या बाजूनेही कठडा करायचा. मुळांना धक्का नको म्हणून खड्डे न घेता, डांबराच्या रिकाम्या पिंपांत दगड भरून त्यांत खांब उभे करायचे. पिंपं पोखर्णीला होती. "उद्या सकाळी घिऊन येतो," म्हणाले. जाताना भाऊसाहेबांसमोर थांबले. "भाऊसाहेब, माझ्या हातून उलटं झालं. सुलटं करून देतो. तवर नाराज हू नका." भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि 'हं' म्हटलं.

त्या दिवसांचा विचार करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हात म्हणजे काय, हे तो असेपर्यंत कुणी पाहत नाही. भाऊसाहेबांचा डावा हात मांडीवर पडलेला असे, बोटं आत वळलेली, कुणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखा. बाई तो उचलून पुसत, नखं काढत आणि परत ठेवत. तेलाने चोळताना त्याच्याशी बोलत. त्याच हाताने हजारो सातबारा उतारे लिहिताना कागद दाबून धरला असेल, रोप सोडवताना भिंतीतली वीट बाजूला केली असेल. आत काय उरलं आहे, हे वरून पाहणाऱ्याला समजायला मार्ग नव्हता. डॉक्टरांनाही नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन यायच्या आधी आमच्या ओट्यावरून दिसलं ते असं. भाऊसाहेब फाटकाशी उभे होते. केव्हा आले, कुणी पाहिलं नव्हतं. काठी जाळीला टेकवलेली. या खेपेला त्यांची डावी बाजू कुंपणाला होती आणि पिंपळ उजवीकडे. त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं, तो हात उचलला आणि वेळूवर ठेवला. बोटं मिटलेलीच होती. ती त्यांनी एकेक करून उघडली आणि वेळूवरून पलीकडे वळवली. मग उजवा हात काढला. डावा घसरला आणि खाली लोंबला. त्यांनी तो पुन्हा उचलला.

बाई दारात आल्या होत्या. त्यांनी चौकट घट्ट धरली होती, जणू त्यांनाच आधार हवा होता.

हात पुन्हा घसरला. पुन्हा उचलला. मग एक पाऊल. हात वेळूवरच होता. मग डावा पाय, अर्धवर्तुळ काढत. उजव्या हाताने डावं मनगट पुढे ढकललं आणि पुन्हा पाऊल. असं पहिल्या खांबापर्यंत. तिथे काथ्याची गाठ आली. हात तिला अडला. भाऊसाहेबांनी तो उचलून गाठीपलीकडे ठेवला. खांबामागून खांब गेले. पहिल्या कोपऱ्यावर ते थांबले, श्वास घेतला, वळले. झाड उजवीकडे होतं. ते पुढे निघाले.

रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला आणि बंद झाला. ग्यानोबा पिंपं घेऊन आले होते. ते काही म्हणणार तोच शेवंताबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना जागीच उभं केलं. दोघं जाळीबाहेर उभे राहिले. ग्यानोबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

दुसरी बाजू संपली. तिसरी सुरू झाली तेव्हा सूर्य वर आला आणि मुरमावर पिंपळाची सावली पडली. भाऊसाहेबांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. तेव्हा लक्षात आलं, की त्यांचा उजवा हात आता डाव्यावर नाही. तो बाजूला मोकळा लोंबत होता. तो कधी सुटला, हे ना आम्ही पाहिलं, ना बाईंनी, ना बहुधा त्यांनी स्वतः. डावा हात एकटाच वेळूवरून सरकत होता, हळू, कापत, पण सरकत. पुढे गाठ होती. हात गाठीपाशी आला आणि अडला. भाऊसाहेबही अडले. मान खाली घालून ते त्या हाताकडे पाहत राहिले, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावं तसे. आधी करंगळी हलली. मग तिच्याशेजारचं बोट. मग सगळी बोटं वेळूवरून किंचित उचलली गेली, गाठीवरून पलीकडे गेली आणि तिथे पुन्हा मिटली.